गाडी उचलली, क्रॉसचा जीव कंठाशी

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावहून गोरेगाव, साखरा किंवा आजेगावकडे जाताना डांबर सोडून एखाद्या पांदणीत शिरा, तेही भर आषाढात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेली ही काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते, चाकावरच्या कमानीत दाटते आणि चाक जागीच फिरायला लागतं. या शिवारात चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी आणि ती जरा उंच हवी, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून महिंद्राची जुनी एमएम ५४०, कमांडर किंवा मारुतीची जिप्सी हाती आली की हौशी मालक पाटे बदलतात, लांब शॅकल लावतात आणि गाडी तीन-चार इंच उचलतात. गाडी झोकात दिसते, चिखलातून निघतेही. पुढे काही महिन्यांनी क्लच सोडताना पुढच्या बाजूने ‘टक्’ असा आवाज येतो. मग साठ-सत्तरच्या वेगात पायाखालची पत्र्याची फरशी गुणगुणायला लागते.

दोष बहुतेक वेळा पुढच्या अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटमध्ये निघतो. मेकॅनिक त्याला सरळ ‘क्रॉस’ म्हणतात. दुकानातून नवा क्रॉस आणून बसवला की आवाज जातो आणि काही दिवसांनी परत येतो. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो: खराब क्रॉसला शिव्या देण्याआधी शाफ्टचा कोन बघा. या छोट्या वस्तूच्या गमती त्या कोनाभोवतीच फिरतात.

तळहातावर मावणारा पैलवान

क्रॉस म्हणजे चार हातांचा पोलादी तुकडा. प्रत्येक हातावर एक टोपी, म्हणजे बेअरिंग कप, आणि कपाच्या आत बारीक पोलादी सुया गोल रांगेत उभ्या. दोन समोरासमोरचे हात एका योकमध्ये, उरलेले दोन दुसऱ्या योकमध्ये. एवढ्यावर शाफ्ट फिरतही राहतो आणि त्याला वाकताही येतं.

जोर किती? आजच्या डिझेल थारचं इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिला गिअर तो साधारण चौपट करतो, चारही चाकांचा हळू गिअर, म्हणजे फोर-लो, टाकला की आणखी सुमारे अडीचपट. गुणाकार ३,००० न्यूटन-मीटरवर जातो. पुढच्या-मागच्या शाफ्टला निम्मा-निम्मा गेला असं धरलं, तरी एकेका शाफ्टच्या वाट्याला १,५०० येतात. मागची चाकं चिखलात मोकळी फिरत असतील तर पुढच्या शाफ्टवर याहून जास्त भार पडतो. हे सारं त्या बारीक सुयांवरून जातं.

शिवराज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी

१६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १६७६ मध्ये, लंडनमध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने सूर्य पाहण्याच्या उपकरणांवर एक पुस्तक छापलं आणि त्यात हा जॉइंट मांडला. त्याला गाडी नव्हे, आकाशाकडे रोखलेलं उपकरण फिरवायचं होतं.

युरोपात मात्र जॉइंटला नाव मिळालं जिरोलामो कार्दानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाचं (१५०१ ते १५७६). एकात एक अडकवलेल्या कड्यांत वस्तू टांगली की बाहेरचं काहीही हललं तरी ती स्थिर राहते, याचं वर्णन त्याने केलं होतं. ती कडीही त्याने शोधलेली नव्हती. ग्रीक आणि चिनी कारागिरांना ती शेकडो वर्षं आधीपासून माहीत होती.

हूकच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. तिरप्या जॉइंटमधून फिरणारा दुसरा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. तो कुठे पुढे धावतो, कुठे मागे रेंगाळतो. सूर्य आकाशात एकसारख्या गतीने सरकत असताना सपाट घड्याळावरची सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी वेगवेगळ्या गतीने सरकते, त्यामागचं गणित आणि या जॉइंटचं गणित एकच आहे. तुमच्या जीपखाली सूर्यघड्याळाचं सूत्र फिरतंय.

कोन तिप्पट, हेलकावा दहापट

इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

गिअरपेटीकडचा शाफ्ट अगदी एकसारखा फिरतोय असं धरा. जॉइंट १० अंशांत वाकलेला असेल तर पलीकडच्या शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का वाढतो आणि दोनदा तेवढाच कमी होतो. हे सहज पचतं. २० अंशांत हाच हेलकावा सहा टक्क्यांवर जातो. ३० अंशांत वेग एकदा १३ टक्क्यांहून जास्त खाली येतो आणि एकदा १५ टक्क्यांहून जास्त वर चढतो. कोन तिप्पट झाला आणि हेलकावा दहापट.

आता गाडीतला हिशेब. टायरचा घेर २.३ मीटर, अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४ असं धरलं तर ताशी ६० किलोमीटरला प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला सुमारे १,७०० फेरे घेतो. दर फेऱ्यात दोन हिसके म्हणजे मिनिटाला ३,४००, सेकंदाला ५७ च्या आसपास. सीटखाली जाणवणारी ती गुणगुण म्हणजे हे ५७ हिसके.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस का असतो, याचं उत्तरही इथेच मिळतं. पहिल्या क्रॉसने दिलेला हेलकावा दुसरा क्रॉस बरोबर उलटा करून पुसून टाकतो. पण त्याच्या दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. यातली एक अट मोडली तरी हिसका पुसला जात नाही.

चार इंचांचे नऊ अंश

समजा पुढचा शाफ्ट ६० सेंटिमीटर लांबीचा आहे आणि गाडी चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उचलली. शाफ्टचा उतार एकदम नऊ-साडेनऊ अंशांनी वाढतो. शाफ्ट ९० सेंटिमीटरचा असता तर तीच उचल सहा अंशांवर भागली असती. शाफ्ट जितका आखूड, तितकी उंचीची झळ त्याला जास्त.

हा झाला सपाट रस्त्यावरचा हिशेब. ओढ्यात उतरताना पुढचं एक चाक खड्ड्यात लोंबकळतं तेव्हा अ‍ॅक्सल आणखी खाली जातो, कोन आणखी वाढतो आणि नेमक्या त्याच क्षणी चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. क्रॉस फुटायचा मुहूर्त हाच असतो. चाक लोंबकळत असताना पाय हलका ठेवा. थोडं मागे घ्या, चाक टेकू द्या, मग ओढा.

रोटाव्हेटरवाल्याला हे आधीच ठाऊक

सेनगाव तालुक्यात जीपवाले मोजके, ट्रॅक्टरवाले गावोगाव. हाच क्रॉस त्यांच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरचा जोर अवजाराला देणाऱ्या शाफ्टवर, दोन्ही टोकांना असतो. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी वावर तयार करायचं, हळदीसाठी जमीन भुसभुशीत करायची, तर रोटाव्हेटर लागतोच. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाला १९१२ च्या सुमारास फिरत्या पात्यांनी माती फोडायची कल्पना सुचली आणि त्यातून पुढे हे अवजार आलं.

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या ठरलेल्या मापाने फिरतो. तास संपला, धुऱ्यावर वळायचं आलं की चालक रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर उचलतो आणि पुष्कळदा पीटीओ चालूच ठेवतो. त्या वेळी शाफ्टचा कोन ३० अंशांवर गेला तर ५४० ऐवजी रोटाव्हेटरकडचं टोक दर फेऱ्यात दोनदा ६२० च्या वर आणि दोनदा ४७० च्या खाली जातं. तो जो ‘धडधडधड’ आवाज धुऱ्यावर ऐकू येतो, तो याचाच. अनुभवी चालक वळताना पीटीओ तोडतो किंवा अवजार गरजेपुरतंच उचलतो. त्याने भूमिती वाचलेली नसेल, पण क्रॉसचे पैसे मोजलेले असतात.

उंच केलेली जीप म्हणजे धुऱ्यावर उचललेला रोटाव्हेटर, फरक एवढाच की ती कायम उचललेली आहे आणि तिचा शाफ्ट तिप्पट वेगाने फिरतोय. त्यामुळे क्रॉस का जातो हे समजायला सेनगावच्या माणसाला शहरातल्या वर्कशॉपकडे धावायची गरज नाही. शेजारच्या वावरात चला.

या शाफ्टबद्दल एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगायची आहे. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचं टोक, ओढणी, पदर, सैल बाही क्रॉसच्या कपाला अडकली, तर ‘थांबव’ म्हणेपर्यंत नऊ-दहा वेढे बसलेले असतात. माणूस हात मागे घेऊ शकत नाही, तेवढा वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढून ठेवलेले ट्रॅक्टर दिसतात, ग्रीस मारायला अडचण होते म्हणून. ते आवरण परत बसवा. फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जाऊ नका, लेकरांना जवळ उभं करू नका आणि काही अडकलं तर आधी इंजिन बंद, मग हात.

अगदी सरळ शाफ्टही क्रॉस खातो

कोन वाईट, मग शून्य कोन उत्तम? नाही. शाफ्ट अगदी सरळ रेषेत असेल तर कपातल्या सुया जागच्या हलत नाहीत. सारा भार त्याच सुयांच्या त्याच रेषांवर पडत राहतो आणि पोलादात चरे उमटतात. म्हणून शाफ्ट बनवणारे किमान अर्धा ते एक अंश कोन ठेवायला सांगतात. वेगात सतत पळणाऱ्या शाफ्टसाठी तीन अंशांच्या आत राहिलात तर उत्तम.

सुया तशाही पूर्ण गोल फिरत नाहीत. शाफ्ट फिरतो, सुया मात्र पाळण्यासारख्या थोड्या पुढे, थोड्या मागे झुलतात. ग्रीस पसरायला तेवढीच जागा मिळते, म्हणून ते वेळच्या वेळी लागतं.

कान, नख आणि लाल पावडर

क्रॉस आजारी आहे हे तो स्वतः सांगतो, फक्त क्रमाने ऐकावं लागतं. आधी हळू चालवताना चिमणीचा येतो तसा बारीक ‘चिक्-चिक्’, वेगाबरोबर भराभर होणारा: ग्रीस संपलंय, सुया कोरड्या पडल्यात. पुढे मागचा गिअर टाकून लगेच पुढचा टाकला की ‘टक्’: झीज होऊन जागा झाली. वेग वाढला की गुणगुण आणि थरथर: शाफ्ट मधोमध फिरत नाहीये किंवा कोन बिघडलेत.

कपाच्या कडेला विटकरी लाल पावडर दिसली तर आणखी काही तपासायची गरज नाही. तो गंज आहे, सुया कोरड्या घासून तयार झालेला. क्रॉस बाहेर काढल्यावर त्याच्या हातावरून नख फिरवा. नख रेषांत अडकलं तर तो क्रॉस ग्रीसने वाचणार नाही, बदलाच.

दोष पुढच्या शाफ्टचाच आहे हे कसं ठरवायचं? जुन्या महिंद्रा गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवर लॉक असतात. ते मोकळे केले आणि गाडी टू-व्हीलवर घेतली की पुढचा शाफ्ट फिरायचा थांबतो. आवाज गेला तर चोर सापडला. हब लॉक नसतील तर पुढचा शाफ्ट सोडवून ठेवायचा आणि मागच्या चाकांवर एक फेरी मारायची. हे फक्त पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाड्यांत करायचं. कायम चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत एक शाफ्ट काढून चालवलं तर आतल्या यंत्रणेचं नुकसान होऊ शकतं.

साखळीवर धावणाऱ्या मोटारी

सुरुवातीच्या पुष्कळ मोटारींची चाकं सायकलसारखी साखळीने फिरायची. चिखल, धूळ, तेल, खडखडाट, सगळं उघड्यावर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी बंदिस्त, वंगण टिकवणारा युनिव्हर्सल जॉइंट बनवला. १९०३ मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९०४ मध्ये त्याने कारखाना काढला. तोच कारखाना पुढे डाना कंपनी झाला. या डानाची आणि आनंद समूहाची भागीदारी असलेली कंपनी पुणे परिसरात शाफ्ट आणि जॉइंट बनवत आली आहे.

 

पाटे वाढले, गोळा तिथेच

जीप उचलल्याने नेमकं काय उंचावतं? बॉडी, चासी, बंपर. अ‍ॅक्सलवरचा डिफरेन्शियलचा गोळा एक सूतही वर जात नाही, कारण तो चाकांनाच धरून आहे. पांदणीच्या मधल्या उंचवट्यावर घासतो तो हाच गोळा. तो वर न्यायचा एकच सोपा मार्ग: मोठे टायर. आणि मोठ्या टायरने शाफ्टचा कोन अजिबात बदलत नाही, गाडी सगळी मिळून वर जाते.

माझं मत विचाराल तर सेनगावच्या रस्त्यांसाठी आधी चिखलाचे चांगले टायर घ्या, कंपनीने मान्य केलेल्या मापात. टायरला जागा लागते तेवढीच उचल द्या, दीड-दोन इंच. चार इंचांचा थाट क्रॉस, स्टिअरिंग आणि खिसा, तिघांच्या जिवावर येतो.

पाचर घातली आणि स्टिअरिंग भरकटलं

कोन सुधारायचा सोपा दिसणारा उपाय म्हणजे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये तिरपी पाचर घालणं. मागच्या अ‍ॅक्सलला हा उपाय चालतो. पुढच्या अ‍ॅक्सलवर मात्र एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं. पाचरीने अ‍ॅक्सल फिरला की शाफ्टकडचं तोंड वर येतं खरं, पण त्याच अ‍ॅक्सलवर चाक वळवायचे नॅकलही बसलेले आहेत. त्यांचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. हा कॅस्टरच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ करतो. तो गेला की हिंगोलीच्या सरळ डांबरी रस्त्यावरही गाडी डावी-उजवीकडे भटकते, दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागते. शाफ्टचा आवाज गेला आणि गाडी धोकादायक झाली, हा सौदा करू नये.

दुसरा उपाय पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटून देणारा ट्रान्स्फर केस थोडा खाली घेण्याचा. आडवा पट्टा आणि चासी यांच्यामध्ये तुकडे घालून तो इंच-दीड इंच उतरवतात. कोन हलका होतो, पण जी उंची विकत घेतली तीच पोटाखालून परत जाते.

दोन क्रॉस शेजारी-शेजारी

मोठ्या उचलीला खरा उपाय म्हणजे डबल कार्डन जॉइंट. ट्रान्स्फर केसच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस अगदी चिकटून, मध्ये एक गोळी त्यांना मध्यावर धरून ठेवते. एकूण कोन दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो आणि पहिल्याचा हिसका दुसरा तिथल्या तिथे पुसतो. पण मग खालच्या टोकाचा नियम बदलतो. अ‍ॅक्सलचं तोंड समांतर न ठेवता जवळजवळ शाफ्टच्या रेषेत आणावं लागतं, आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर पुन्हा कॅस्टरचा प्रश्न येतोच. उचल किती असावी याला म्हणूनच मर्यादा पडते.

या जॉइंटमधली मधली गोळी सगळ्यात आधी वाळते, कारण तिचा ग्रीसचा बिंदू आत लपलेला असतो आणि साध्या ग्रीस गनचं तोंड तिथे पोचत नाही. सुईसारखं निमुळतं तोंड लावावं लागतं.

रॅंग्लर या जीपची जोडणी २०२१ पासून पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात होते. तिच्या आधीच्या पिढीच्या पुढच्या शाफ्टला क्रॉसऐवजी रबरी बुटात बसवलेला गोळ्यांचा जॉइंट होता. अडीच-तीन इंचांहून जास्त उचललं की बूट स्वतःवरच घासून फाटतो. तिथून ग्रीस बाहेर, धूळ आत.

नव्या थारचं दुखणं दुसरीकडे

नाशिकला बनणाऱ्या २०२० च्या थारच्या पुढच्या चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. डिफरेन्शियल चासीलाच बांधलेला असतो. गाडी कितीही उचला, ट्रान्स्फर केस ते डिफरेन्शियल या शाफ्टचा कोन तसाच राहतो. जुन्या जीपवाल्याचा सल्ला थारवाल्याने जसाच्या तसा घेतला तर निरोगी शाफ्टवर उपचार होतील.

थारमध्ये उचलीचा ताण चाकांकडे जाणाऱ्या दोन लहान शाफ्टवर येतो. तिथे सीव्ही जॉइंट असतात. फोर्डमधला इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा याने १९२० च्या दशकात सहा गोळ्यांचा असा जॉइंट काढला की कोन वळला तरी वेगात हेलकावा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या चाकांत तोही वापरला गेला आणि त्याचे स्पर्धकही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हा जॉइंट घरोघरी पोचला. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या लहान गाडीत चार सीव्ही जॉइंट असतात, दर चाकाकडे दोन.

याचा आवाजही निराळा. पूर्ण वळण घेताना ‘कट-कट-कट’. तो येण्याआधी रबरी बुटाला हात लावून बघा. चीर दिसली आणि आवाज अजून नाही, तर बूट आणि ग्रीस बदलून कमी खर्चात सुटाल.

खूण करा, मग सोडवा

क्रॉस बदलायचं काम कुणाच्याही हातून होवो, तुम्ही शेजारी उभे राहा आणि चार गोष्टींवर नजर ठेवा.

शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या योकवर पंचाने किंवा रंगाने खूण झाली पाहिजे. खाचांचा एक दाता जरी इकडचा तिकडे बसला तरी योक रेषेबाहेर जातात, आणि नव्या क्रॉसवर जुनीच थरथर सुरू होते. माझ्या मते बदललेला क्रॉस पुन्हा पुन्हा जाण्यामागे कोनानंतर हेच कारण.

कप ठोकताना एखादी सुई आडवी पडते. कप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिप खाचेत बसत नाही आणि मग घाईत हातोडा मोठा होतो. थांबायचं, कप बाहेर काढायचा, सुया ग्रीसने चिकटवून पुन्हा बसवायच्या.

बसल्यावर क्रॉस हाताने चारही बाजूंना हलवून बघायचा. कुठे अडत असेल तर योकच्या कानावर हलकी टकटक करायची, म्हणजे कप सर्क्लिपला नीट टेकतात.

ग्रीस चारही कपांतून बाहेर डोकवेपर्यंत मारायचं. तीनमधून आलं आणि चौथा कोरडा, तर काम झालेलं नाही. शाफ्ट हलवून पुन्हा मारा. ओढ्यातून किंवा येलदरी धरणाच्या फुगवट्याच्या काठच्या गाळातून गाडी काढली असेल तर त्याच संध्याकाळी ग्रीस मारा. गरम जॉइंट थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं.

आणि जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावा, चाकांना अडण द्या. विलिस धाटणीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर लागतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते.

एमएच-३८ ची पाटी आणि कलम ५२

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि आता इथल्या गाड्यांवर एमएच-३८ दिसतं. त्या पाटीमागच्या नोंदणीत गाडी कंपनीने बनवली तशीच धरलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. उचल देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

कोरड्या डांबरावर फोर-व्हील नको

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे हा फरक कुठेतरी सुटावा लागतो. चिखलात चाक घसरून तो सोडतं. डांबरावर चाक घसरत नाही आणि पीळ क्रॉसमध्ये साठतो. पांदण संपून पानकनेरगावचा पक्का रस्ता लागला की टू-व्हीलवर या.

वावरात तुटलाच तर

पुढचा क्रॉस भर चिखलात फुटला तर गाडी तिथेच सोडायची गरज नाही. लगेच थांबा, कारण लोंबकळता शाफ्ट जमिनीत रुतून गाडीखालचं बरंच काही फोडू शकतो. दोन्ही टोकांचे फ्लँजचे बोल्ट खोला आणि शाफ्ट पूर्ण काढून गाडीत टाका. एकच टोक सोडवून तारेने बांधायचा मोह टाळा. बोल्ट आणि कप एका फडक्यात बांधून ठेवा, चिखलात पडले तर सापडत नाहीत. जुन्या पार्ट-टाइम जीपमध्ये आता मागची चाकं एकटी ओढतील. ती फिरत राहिली तर टायरची हवा थोडी कमी करा, चाकापुढे पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्या आडव्या टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू काढा. तरीही निघाली नाही तर शेजारच्या वावरातल्या ट्रॅक्टरला हाक मारा. दोर बांधाल तो चासीच्या हुकाला, अ‍ॅक्सलला किंवा बंपरला नको.

गाडीत दहा किंवा तेरा नंबरचा, जो तुमच्या फ्लँजला लागतो तो पाना, एक सर्क्लिपची पक्कड आणि एक जादा क्रॉस कायम असू द्या. क्रॉस घेताना दुकानात जुना सोबत न्या आणि कपाचा व्यास आणि दोन कपांमधलं अंतर व्हर्नियरने मोजूनच घ्या. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना वेगळ्या मापाचे क्रॉस लागलेले असतात.